अक्काची एक सुई

मास्तरांच्या पणजोबांना लोक कोटवाले म्हणत, आजोबांना काजवाले आणि वडिलांना तुरपाईवाले. कोटवाल्यांनी बेतलेला कोट अंगात घालून गेलं तर सासुरवाडीतही मान मिळे, अशी त्या कोटाची ख्याती. काजवाल्यांचा काज पाहून गिऱ्हाईक बटण लावायचं विसरे. आणि तुरपाईवाल्यांची तुरपाई कापड उलटून, भिंग लावून शोधली तरी सापडत नसे. तीन पिढ्या सुईवर जगल्या, सुईवर लेकरं वाढवली, सुईच्या जिवावर घर बांधलं, आणि तिन्ही पिढ्यांनी डॉक्टरच्या सुईची मात्र धास्ती घेतली. टोचणारा गल्लीत शिरल्याची वर्दी येताच कोटवाले कापडाच्या पेटीत जाऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी शिंकले तेव्हा सापडले. काजवाल्यांनी टोचणाऱ्यालाच कोटाचं माप घेण्याच्या निमित्ताने स्टुलावर उभं केलं आणि त्याची दुसऱ्या गल्लीची वेळ होईपर्यंत माप पुरं केलं नाही. तुरपाईवाले सरळमार्गी गृहस्थ होते. ते बेशुद्ध पडत.

चौथ्या पिढीचे हे मास्तर. चौकाला लागून दुकान, दुकानाच्या पाठीमागे घर आणि दोहोंच्या मध्ये एक पडदा. सकाळी आठ वाजता मास्तर पडदा सारून दुकानात येत आणि संध्याकाळी आठ वाजता पडदा सारून घरात जात. वयाची त्रेसष्ट वर्षं झाली तरी दिवसाचं चालणं काय ते एवढंच. पोटाने गेल्या पाच वर्षांत दोन वेळा माप बदललं होतं; परंतु मास्तर आपल्या विजारी आपणच शिवत असल्यामुळे ही गोष्ट घराबाहेर फुटली नव्हती.

मास्तरांची लेक दूरच्या शहरात बाळंत झाली होती. मुलगी झाली. मास्तरांची पत्नी बाळंतपणासाठी तिकडे गेली ती गेलीच, आणि घराचा कारभार अक्कांच्या हाती आला. अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, तीन वर्षांनी मोठी, माडीवरच्या खोलीत राहणारी. सव्वीस वर्षं त्या मुख्याध्यापिका होत्या. वयोमानानुसार त्या शाळेतून निवृत्त झाल्या. मुख्याध्यापिका असण्यातून नव्हे.

एका रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. मास्तरांनी अजून नात डोळ्यांनी पाहिली नव्हती. पाहिली होती ती फोनच्या काचेत, तीही बहुतेक वेळा झोपलेली.

"बाबा, या महिन्याच्या तीस तारखेला आम्ही तिघी येतोय," लेक म्हणाली. "आई, मी आणि छोटी. पण माझ्या दोन अटी आहेत."

"बोल की."

"छोटी अजून तीन महिन्यांचीही नाही. सहा महिन्यांच्या आत फ्लूची लस देता येत नाही. म्हणून तिच्या भोवतीच्या मोठ्या माणसांनी ती घ्यायची. आम्ही यायच्या निदान दोन आठवडे आधी, कारण लस घेतल्यावर अंगाची तयारी व्हायला तेवढे दिवस लागतात."

मास्तरांनी गळ्यातली टेप उगीचच नीट केली. "आणि नाही जमलं तर?"

"तर दारातून बघायचं."

"दारातून? अगं, मी तिचा आजोबा आहे, पोस्टमन नाही."

"पोस्टमनने घेतली असेल तर तो आत येईल," पलीकडे वर्तमानपत्र वाचत बसलेल्या अक्का मान वर न करता म्हणाल्या.

दुसरी अट चालण्याची होती. मास्तरांची साखर काठावर आली होती आणि रक्तदाब काठ ओलांडून गेला होता. लेकीने पावलं मोजायचं एक यंत्र टपालाने धाडलं होतं, बटणाएवढं. ते कमरेला लावायचं, रोज सात हजार पावलं चालायचं, आणि आकडा आपोआप लेकीच्या फोनवर उमटायचा.

मास्तरांनी दोन्ही वचनं दिली. चालण्याचं वचन पाळायचं त्यांच्या मनात होतं. सुईचं वचन विसरायचं त्यांच्या मनात होतं.

"मी बघेन तो घेतो की नाही," अक्कांनी फोनमध्ये डोकावून सांगितलं. "नाहीतरी त्याच्याकडे माझी एक सुई बाकी आहे."

या एका सुईची हकिगत सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. मास्तर सात वर्षांचे आणि अक्का दहा वर्षांच्या असताना शाळेत टोचणारे आले. मास्तर संडासात कडी लावून बसले. यादीत नाव पुकारलं गेलं, आणि भावाची फजिती होऊ नये म्हणून अक्कांनी वेण्या टोपीत कोंबल्या, त्याचा सदरा घातला आणि रांगेत पुन्हा उभ्या राहून दुसऱ्या दंडावर दुसरी सुई घेतली. दोन दिवस दोन्ही हात उचलेनात. बरं, एवढं करून फायदा काय, तर पुढच्याच थंडीत मास्तरांना नेमका तोच आजार झाला आणि ते एकवीस दिवस अंथरुणाला खिळले. दुसऱ्याने घेतलेली लस आपल्या अंगी लागत नाही, हे दोघांनाही तेव्हा उमगलं. "अक्के, मी तुझी सुई फेडीन," असं तापात मास्तर बरळले होते. तापातलं बोलणं माणसं विसरतात. अक्का माणसांत मोडत नसत.

त्याच आठवड्यात अक्का कापड घेऊन दुकानात आल्या.

"ब्लाउज शिव. थंडीचे दिवस येताहेत. बाही मनगटापर्यंत आणि घट्ट. कापड दंडावरून इकडेतिकडे हलता कामा नये. मनगटाला सहा बटणं."

"सहा? अक्का, बाही वर सरकवायची म्हटलं तर सरकणार नाही."

"मला सरकवायची नाही. माप घे."

मास्तरांनी माप घेतलं. अक्कांना प्रश्न विचारण्याची रीत त्या घरात नव्हती.

चालण्याचं म्हणाल तर पहिल्या दिवशी मास्तर खरोखरच निघाले होते. पण यंत्र कमरेला लावलेलं. गिऱ्हाइकाच्या विजारीचं माप घ्यायला वाकले की ते पोटात रुते. म्हणून त्यांनी ते काढलं, आणि हरवू नये या शुद्ध हेतूने दोऱ्याने शिलाई मशीनच्या पायडलला बांधून ठेवलं. दुपारी पाहतात तर आठ हजार चारशे. मास्तर चमकले. त्यांनी पायडल एकदा दाबलं. आकडा एकाने वाढला. पुन्हा दाबलं, पुन्हा वाढला.

मास्तरांनी पुष्कळ विचार केला. पाय हलतात ते कोणाचे? आपलेच. घाम येतो तो कोणाला? आपल्यालाच. मग माणूस पुढे सरकला नाही एवढ्या एका क्षुल्लक कारणावरून ती पावलं नव्हेतच, असं म्हणणं अन्यायाचं होईल. स्वतःच्या बाजूचा निकाल देताना माणसाला वकील लागत नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, अकरा हजार? पहिल्याच दिवशी?"

"सवय आहे गं. लहानपणची," मास्तर म्हणाले.

लेकीने तो आकडा आपल्या सासरी सांगितला. विहीणबाईंनी तो आपल्या यजमानांना ऐकवला आणि त्यांनाही पहाटे घराबाहेर काढलं. इथपर्यंत कोणाचं काही बिघडलं नव्हतं; झाला तर एका व्याह्यांना व्यायाम झाला.

पण गुरुवारी बँडवाले आले. त्यांना शनिवारपर्यंत एकोणीस कोट हवे होते, सोनेरी गोंडे आणि दुहेरी शिवणीचे. मास्तर शुक्रवारी पहाटेपासून जे मशीनवर बसले ते जेवणापुरते उठले. पायडलवरचं यंत्र त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"बाबा," त्या संध्याकाळी लेकीचा आवाज कापरा होता, "तुम्ही आज बावन्न हजार पावलं चाललात."

मास्तरांच्या हातातला गोंडा खाली पडला.

"हिशोब केला मी. छत्तीस किलोमीटर होतात. तुम्ही गेलात कुठे?"

"इथेच," मास्तर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रकरणी खरं बोलले.

"इथेच छत्तीस किलोमीटर? बाबा, तुमचं वय काय, रक्तदाब काय? काही नाही, मी डॉक्टरीणबाईंना फोन करते. त्या तुमचं हृदय तपासतील."

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, दीड किलोमीटरवर. बाई वयाने लहान, बोलण्याने गोड आणि नजरेने धारदार. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच दुकानात आल्या. त्यांनी नाडी पाहिली, पोटाकडे पाहिलं, मग पुन्हा आकड्याकडे पाहिलं. मास्तर इंचाची टेप गुंडाळत आणि उलगडत राहिले.

"विलक्षण आहे," बाई म्हणाल्या. "इतकं चालून वजन जागच्या जागी. बरं, मास्तर, उद्याचा सोडून पुढच्या रविवारी मी फ्लूच्या लशीचं शिबिर घेतेय. बाजारातली माणसं फार चुकारपणा करतात. म्हणतात, मागच्या वर्षी घेतली, आता कशाला."

"खरंच, कशाला?" मास्तरांनी आशेने विचारलं.

"शाळेतल्या पोराचा गणवेश तुम्ही दर वर्षी नव्या मापाने शिवता ना?"

"पोरगं वाढतं म्हणून."

"हा आजारही दर वर्षी अंग बदलतो. गेल्या वर्षीचं माप यंदा बसेलच असं नाही. म्हणून लसही नव्याने बेतावी लागते."

मास्तरांना हे पटलं, आणि पटलं याचं फार वाईट वाटलं. शास्त्र सांगितलं असतं तर वाद घालता आला असता. मापाशी वाद घालायची त्यांच्या घराण्याची चाल नव्हती.

"तर असं करू," बाई पुढे म्हणाल्या. "घड्याळाच्या चौकापासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांनी चालत जायचं. सर्वांच्या पुढे तुम्ही, आणि पहिली लसही तुम्हालाच. रोज इतकं चालणारा माणूस पुढे असला की लोक मागे येतील."

"मला नाही जमणार. रविवारी जरा..."

"त्याला जमेल," पडद्यामागून अक्कांचा आवाज आला. "फलकावर त्याचं नाव मोठं लिहा."

सोमवारपासून मास्तरांच्या कीर्तीला पाय फुटले. चष्मेवाले दुकानात येऊन सल्ला विचारून गेले, की चालताना श्वास नाकाने घ्यावा की तोंडाने. "दोन्हींनी," मास्तर म्हणाले. बेकरीवाल्यांना गुडघेदुखीवर उपाय हवा होता. कुलूपवाल्यांनी बुटांचा तळ पाहायला मागितला, तेव्हा मास्तरांनी पाय मशीनखाली ओढून घेतले. बूट नवे कोरे होते आणि तळावरचा किमतीचा कागदही अजून निघाला नव्हता. इकडे आकडा एकदम खाली आणावा तर लेक घाबरणार आणि वर न्यावा तर डॉक्टर येणार. मास्तर रोज नऊ हजारांवर यंत्र सोडवून गल्ल्यात ठेवू लागले आणि उरलेलं शिवण हाताने करू लागले. खोटं बोलायचं म्हणजे किती काम वाढतं, हे खरं बोलणाऱ्याला कधी कळत नाही.

रविवार उजाडला. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला, नवे बूट घातले आणि नातीचं छायाचित्र खिशात ठेवलं. दारातून बघायचं, हे लेकीचे शब्द आठवडाभर त्यांच्या कानात होते. नात आत पाळण्यात आणि आपण तोंडाला फडकं बांधून उंबऱ्याबाहेर, हे चित्र त्यांना स्वप्नातही दिसलं होतं. पण दुसऱ्या चित्रात सुई होती. दोन्ही चित्रं आळीपाळीने पाहत ते घराबाहेर पडले, आणि एवढ्या गडबडीत यंत्र पायडललाच बांधलेलं राहिलं.

घड्याळाच्या चौकात साठएक माणसं जमली होती. बँडवाले नवे कोट घालून आले होते. अक्का नव्या ब्लाउजमध्ये, हातात नावांची यादी घेऊन उभ्या होत्या आणि जो तो त्यांना विचारून उभा राहत होता.

मास्तर निघाले. पहिली शंभर पावलं डौलात पडली. दुसऱ्या शंभरात पोटरीने तक्रार केली. तिसऱ्या शंभरात छातीचा भाता झाला, आणि मास्तर इतके मंदावले की मागच्यांच्या पायात पाय येऊ लागले.

"मास्तर मुद्दाम हळू चालताहेत," बेकरीवाले भारावून म्हणाले. "आपल्यासाठी. नाहीतर ते एव्हाना पोचून परत आले असते."

"मोठी माणसं अशीच असतात," कुलूपवाले म्हणाले.

पाचशे पावलांवर एक बाक लागलं. मास्तर त्यावर बसले असं म्हणणं बरोबर नाही. बाक त्यांच्याखाली आलं. ते धापा टाकत आहेत तोवर चष्मेवाल्यांनी मागे वळून हात वर केला. "सगळ्यांनी बसा. ही त्यांची पद्धत दिसते. पाचशे पावलं चालायचं, मग दीर्घ श्वसन."

साठ माणसं रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या पायऱ्यांवर, कठड्यांवर बसली आणि मास्तरांबरोबर तालात धापा टाकू लागली. मास्तरांनी खोकला काढला. चारसहा जणांनी तोही काढून पाहिला. अशा चार बैठका झाल्या. दीड किलोमीटरला एक तास लागला. इतकं सोपं चालणं आपण आजवर का केलं नाही, असं म्हणत लोक दवाखान्याच्या अंगणात शिरले.

अंगणात टेबल, टेबलावर बर्फाचा डबा आणि टेबलापाशी पांढऱ्या गणवेशातली परिचारिका. पुढे एक रिकामी खुर्ची. मास्तरांना त्या खुर्चीच्या पाठीवर कोटवाले, काजवाले आणि तुरपाईवाले तिघेही हात टेकून उभे असल्यासारखे दिसले.

इतक्यात अक्कांच्या पिशवीतला फोन वाजला. फोनवरचं बोलणं अक्कांना कमी ऐकू येई, म्हणून त्या फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवत.

"आत्या, बाबा बरे आहेत ना?" लेकीचा आवाज अंगणभर झाला. "आज त्यांची पावलं शून्य दाखवताहेत. सकाळपासून एकही नाही. अंथरुणातून उठलेच नाहीत का?"

साठ माणसं मास्तरांकडे पाहू लागली. त्यांच्या सदऱ्याला घामाने पाठीवर नकाशा काढला होता.

"उठलाय," अक्का म्हणाल्या. "समोर उभा आहे. आत्ताच चालून आला."

"मग यंत्र कुठंय?"

अक्कांनी फोन मास्तरांच्या तोंडापुढे धरला. काही बायका अशा असतात की त्यांच्या हातातला फोनही शपथ घालतो.

"पायडलला," मास्तर म्हणाले.

"कशाला?"

"मशीनच्या. पहिल्या दिवसापासून तिथेच आहे. बावन्न हजार म्हणजे ते बँडचे एकोणीस कोट होते, बाळ. चाललो असेन तर आजच. तेही पाच वेळा बसून."

"चार," चष्मेवाल्यांनी दुरुस्ती केली. ते आता पायरीवरून उठून उभे राहिले होते.

बँडवाल्यांपैकी कोणीतरी हसलं. मग बेकरीवाले हसले, आणि मग हसू अंगणभर गेलं. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "मला वजनावरूनच कळलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हटलं, एकदा तरी चालून घ्यावं तुमच्याकडून."

फोन अजून चालूच होता. मागे कुठेतरी बाळ कुरकुरलं.

"बाबा," लेक म्हणाली, "पावलांचं असू द्या. पण लशीचं असं काही करू नका हं. ती तुमच्यासाठी नाही, हिच्यासाठी मागितली होती मी."

मास्तर जाऊन खुर्चीत बसले, आणि त्यांनी बाही वर केली. सवयीने डोळे मिटणार, तोच त्यांची नजर परिचारिकेच्या हाताकडे गेली. तिने सुई धरली होती ती बोटांच्या टोकांत, सैल पण ठाम, मनगट स्थिर. कारागिराला कारागीर ओळखू येतो. असा हात वडिलांनंतर त्यांनी पाहिला नव्हता.

"किती वर्षं झाली या कामाला?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस," ती म्हणाली. "हात सैल सोडा."

"सुई फार बारीक आहे हो. आमची तुरपाईची याहून जाड असते."

"तुमची कापडासाठी. दाबून धरा हा कापूस."

"टोचायच्या आधीच?"

"टोचून झालं," परिचारिका म्हणाली. "पुढचे या."

मास्तर दंडाकडे पाहत राहिले. तीन पिढ्यांनी ज्याची धास्ती घेतली, ते एका टाक्याएवढंही नव्हतं. त्यांना पूर्वजांची थोडी लाज वाटली आणि बरीच दया आली.

रांग सरकू लागली. बेकरीवाले झाले, कुलूपवाले झाले, बँडवाले गोंडेदार कोट काढून काढून झाले. अक्का यादी घेऊन एकेकाला पुढे ढकलत होत्या. "आधी तुम्ही बसा. नाही, आधी या बाई. मला घाई नाही." तास गेला. रांगेत कोणी उरलं नाही.

"बाई, आता तुम्हीच राहिलात," परिचारिका म्हणाली.

अक्का खुर्चीत बसल्या, ताठ. परिचारिकेने मनगटाची सहा बटणं सोडवली आणि बाही वर सरकवून पाहिली. ती कोपरापर्यंतही येईना.

"फार घट्ट आहे हो."

"हो का?" अक्का म्हणाल्या. "मग राहू दे. मी येईन पुढच्या आठवड्यात. नाहीतर त्याच्या पुढच्या."

पुढचा आठवडा म्हणजे तीस तारखेला दोन आठवड्यांना कमी पडणार, हे हिशोबात पक्क्या असलेल्या अक्कांना कळत नव्हतं असं नाही. मास्तर त्या बाहीकडे पाहत उभे राहिले. शिवण त्यांचीच होती. कापड दंडावरून हलता कामा नये. मला सरकवायची नाही. माप घे. त्यांच्या डोळ्यांपुढे एकामागून एक बटण लागत गेलं. सव्वीस वर्षं अक्का शाळेत पोरांना टोचून घ्यायला रांगेत उभं करत आल्या होत्या, आणि त्या प्रत्येक वेळी टेबलाकडे पाठ करून उभ्या असत. पोरांना वाटे, बाई शिस्त बघताहेत.

"अक्का," ते हळू म्हणाले, "तेव्हापासून?"

अक्कांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "एका दिवशी दोन होत्या," त्या म्हणाल्या. "दुसरी मला सोसली नाही."

छप्पन्न वर्षं मास्तरांना वाटत होतं की अक्कांनी ती सुई त्यांच्यावर रुबाब करण्यासाठी जपून ठेवली आहे.

मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात नातीच्या छायाचित्रामागे, नेहमीप्रमाणे, छोटी कात्री आणि दोरा ओवलेली सुई होती. त्यांनी खांद्यापासून चार बोटं शिवण उसवली. काम नाजूक, पण उसवताना धागा कुठून धरायचा हे ज्याने शिवलं त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? दंड उघडा झाला.

"अक्का, तिकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. आणि माझ्या खिशावरचे टाके मोज."

"मला शिकवू नकोस," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी त्याचा हात घट्ट धरला आणि मोजायला लागल्या. तिसऱ्या टाक्याला लस झाली होती. त्या अकरापर्यंत मोजत राहिल्या आणि कोणी त्यांना थांबवलं नाही.

उसवलेल्या बाहीने अक्का भर बाजारातून चालत जाणं शक्य नव्हतं. तेव्हा परिचारिकेने दंडावर पट्टी लावताच मास्तर तिथल्या तिथे बाही शिवायला बसले. अंगावरचं कापड शिवायचं म्हणजे टोक कातडीला लागू नये म्हणून आतून बोट धरावं लागतं. बोटात घालायचं अंगुस्तान दुकानात राहिलं होतं. शेवटचा टाका घालताना सुई आपल्याकडे येते आहे हे अक्कांच्या नजरेस पडलं, आणि सव्वीस वर्षं ज्यांच्या समोर कोणी हललं नव्हतं त्या अक्का हलल्या. सुई कापडातून आरपार गेली आणि मास्तरांच्या बोटात शिरली.

चाळीस वर्षांत शिवताना सुई त्यांना लागली नव्हती. त्यांनी आवाज केला नाही. गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि बोट मुठीत धरलं. अक्कांनी मूठ उघडून पाहिली. लाल ठिपका होता. त्यांनी परिचारिकेकडून कापूस मागून घेतला, बोटावर दाबला, आणि यादी उचलून त्या घराकडे निघाल्या. मास्तर मागोमाग निघाले. परतताना ते तीनदाच बसले.

तीस तारखेला तिघी आल्या. मास्तर दारात उभे होते, हातपाय स्वच्छ धुऊन, यंत्र कमरेला लावून. दोन आठवड्यांत त्यांनी एका दिवसात गाठलेला सर्वांत मोठा आकडा चार हजार आठशे होता, आणि त्यातलं प्रत्येक पाऊल जमिनीवर पडलेलं होतं. लेकीने तो आकडा पाहून त्यांना काही ऐकवलं नव्हतं.

त्या घरात कोणतीही गोष्ट आधी थोरल्याच्या हाती द्यायची, मग ती पत्र असो की फळ. लेकीला हे ठाऊक होतं. तिने गुंडाळलेलं बाळ अक्कांपुढे धरलं. "आत्या, आधी तुम्ही."

अक्कांनी हात पुढे केले नाहीत. त्यांनी बाळाच्या कपाळावरून एक बोट फिरवलं.

"आधी त्याला दे," त्या म्हणाल्या. "त्याने माझ्यासाठी एक सुई सोसली आहे. आता त्याच्याकडे माझी काही बाकी नाही."